माणच्या ओट्यावरचा बारोलो

लातूरहून निघताना शेजारणीने विचारलंच, जावई इटलीचा तर लग्न पुण्याजवळच्या माणला कशाला? मी म्हटलं, आमच्या दाजींना ओळखत नाही तुम्ही. लेक द्यायची ती स्वतःच्या दारातून, हा त्यांचा हट्ट, आणि त्यांचा हट्ट मोडणं माझ्या ताईला अजून जमलेलं नाही.

वाकडला उतरून रिक्षा केली. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती आणि मध्येच एका तुकड्यात भाताची खाचरं. त्यापलीकडे मांडव दिसला तेव्हा प्रवासाचा शीण गेला. ताईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला.

भाची ऋतुजा मला थेट आतल्या खोलीत घेऊन गेली. कोनाड्यात एक धुळकट बाटली उभी होती. हात लावू नकोस मावशी, गाळ ढवळतो, ती म्हणाली. नवरदेव मात्तेओ चाकणच्या कंपनीत यंत्रं बसवायला आला आणि तिथेच त्याचं नि ऋतुजाचं जमलं. तो जन्मला त्या वर्षीच्या द्राक्षांचा हा बारोलो (त्यांच्या डोंगरउतारावरची तांबडी वाइन) त्याच्या वडिलांनी, पिएत्रोंनी, तळघरात राखून ठेवला होता. घरची रीत अशी, की लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही बाप तो एकाच पेल्यातून पितात, मगच सोयरीक पक्की. पणजोबांपासून सगळे द्राक्षांतले, मात्तेओने मात्र यंत्रं धरली. पिएत्रोंकडे लेकाला द्यायला आता ही रीतच उरली होती.

आणि आमचे दाजी माळकरी. प्यायले तर माळ बाटणार, नाही प्यायले तर म्हाताऱ्याचं मन मोडणार. पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी पिएत्रोंनी ठेचा चमचाभर तोंडात टाकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तरी पुन्हा मागितला. दाजी एकदम खूश. माणूस कामाचा निघाला, असं ताईच्या कानात सांगून गेले.

मावळतीला ओट्यावर व्याहीभेट झाली. घरात नवी वस्तू आली की वाहतात तसं ताईने बाटलीला हळदकुंकू वाहिलं. पिएत्रोंनी टोपी काढली. सावकाश पेला भरला, विटकरी रंगाचा, आणि दोन्ही हातांनी दाजींपुढे धरला. मला तर ऋतुजाकडे बघवेना.

दाजींनी वास घेतला. मग अनामिका पेल्यात बुडवून पिएत्रोंच्या कपाळाला टिळा लावला आणि स्वतःची मान पुढे केली.

"माळ गळ्यात हाय, व्याही. कपाळ मोकळं हाय. लावा तुमच्या हातानं."

मात्तेओने अडखळत अर्थ सांगितला. पिएत्रोंनी पेल्यात बोट बुडवलं. टिळा लागला, गळाभेट झाली, आणि उरलेला पेला पिएत्रोंनी दोघांच्या वतीने रिकामा केला. घोटभर मलाही मिळाला. आधी जास्त उकळलेल्या चहासारखा तुरट, मग बराच वेळ जिभेवर छान रेंगाळणारा. दुसरा घोट कुणी विचारला नाही, याचं मला वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये शेजारणींना काय सांगायचं ते जुळवत होते. दाजी प्यायले का, हेच विचारणार त्या. मला मात्र लग्नाची सकाळ आठवत होती. अंघोळ करून ओल्या केसांनी दाजी पिएत्रोंपुढे येऊन उभे राहिले.

"आंघुळीत गेला बगा. परत लावा."

बाटलीत फक्त तळचा गाळ होता. पिएत्रोंनी तो तळहातावर ओतून घेतला, आणि अक्षता पडल्या तेव्हा दोन्ही बापांच्या कपाळाला तोच लागलेला होता.