वडिलांचे रबरी बूट
ओल्या रबराचा वास आला की मला सीना नदीचा काठ आठवतो. वडील गेल्यावर त्यांची तांब्याची अंगठी आई स्वतःच्या बोटात घालायची. नवरात्राआधी नदीवर गोधड्या धुताना ती सैल अंगठी पाण्यात पडली. मित्राचं धातू शोधायचं यंत्र घेऊन मी कंपनीतले बूट घालून गुडघाभर पाण्यात उतरलो, तर बुटांच्या टोकातल्या लोखंडामुळं यंत्र पावलापावलाला ओरडायला लागलं. चप्पल गाळात रुतून बसायची आणि अनवाणी उतरावं तर तळाला फुटक्या काचा. दुसऱ्या दिवशी निघताना आईनं माळ्यावरची पिशवी काढली. वडील पावसाळ्यात एमआयडीसीत कामाला जाताना घालायचे ते रबरी बूट तिच्यात होते. माणूस गेल्यावर त्याची पायताणं देऊन टाकतात, पण हे तिनं कुणाला दिले नव्हते. "हे घाल. ह्यात खिळासुदीक न्हाय," ती म्हणाली. दिवसभर यंत्र फिरवलं. बाटल्यांची बुचं निघाली, सेफ्टी पिना निघाल्या, अंगठी काही निघाली नाही. ऊन उतरल्यावर आई काठावरनं म्हणाली, "बास कर आता. ये वर." मी वर आलो तसे ओल्या गाळात बुटांचे ठसे उमटत गेले. पावसाळ्यात वडील घरी आले की हेच ठसे आई कुरकुरत दारातनं पुसून काढायची. त्या दिवशी मात्र तिनं साडीचा काठ उचलला आणि एकेका ठशाला वळसा घालत ती माझ्या मागं चालत आली. परवा पावसात तेच बूट घालून मी घरी आलो, तर बायको फडकं घेऊन आली. मी म्हणालो, "राहू दे की थोडा वेळ."