पहिला खिळा

कोपरच्या खाडीकाठी मचवे बांधणारा एक म्हातारा होता. शाळा सुटली की मी तिकडे फिरायला जायचो. तो खिळे ओठांत धरूनच बोलायचा, त्यामुळे "बसा मास्तर" याच्यापलीकडे फारसं काही निघायचं नाही. फळी ठोकून झाली की तिच्यावर टिचकी मारून कान लावायचा आणि आवाज पटला नाही तर सरळ उखडून काढायचा. मालकाची घाई त्याच्या गावीही नसायची.

एकदा रेतीवाल्या शेठनं शिडाऐवजी इंजिनावर चालणारा मचवा सांगितला. इंजिनाच्या दांड्यासाठी मागच्या जाड लाकडाला भोक पाडायचं होतं. मला म्हाताऱ्याची उगाच कीव आली.

"वाईट वाटत असेल ना?" मी विचारलं.

त्यानं एकेक खिळा तोंडातून काढला. "वाईट कशाला? माजा आजा काथ्यानं फल्या शिवून होऱ्या बांदाचा. बापानं पयला खिला मारला, त्या दिशी आजा जेवला नाय. मी तसा येडा नाय, मास्तर." आणि हसत तो लाकडाला भोक पाडू लागला.

मचवा पाण्यात उतरला त्या दुपारी इंजिन धडधडलं आणि वारा समोरून असतानाही तो सरळ निघून गेला. म्हातारा सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. गर्दी पांगल्यावर सावलीत बसून त्यानं भाकरीचं फडकं सोडलं. तोंडात एकही खिळा नव्हता, तरी मोडलेला घास त्यानं तसाच परत ठेवला. मग भाकरी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तुमी खा, मास्तर."