आखाड्याला दिलेलं पाणी

विट्यापासून अर्ध्या तासावर आमचं गाव. इथे नगरपंचायत झाली आणि काही वर्षांनी एक लाल अग्निशमन गाडी आली. ती माझ्या घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, त्यामुळे तिचा आणि तिच्या प्रमुखाचा दिनक्रम मला माझ्या स्वयंपाकघराइतकाच पाठ आहे. माझं शिक्षण पाचगणीला मिशनच्या शाळेत झालं. तिथे आगीची घंटा वाजली की आम्ही मुली ओळीने बाहेर पडायचो, आणि आग कधीच नसायची. खरी आग विझवणारा माणूस मी पाहिला तो थेट म्हातारपणी, जोतीरामच्या रूपाने.

जोतीराम ऊसवाल्या शेतकरी घरातला. लष्करातून हवालदार होऊन परतला आणि या गाडीवर लागला. हाताखाली चार-पाच कंत्राटी माणसं आणि आप्पासो नावाचा ड्रायव्हर. रोज सकाळी गाडी चालू करायची, पंप फिरवून बघायचा, टाकीत काठी घालून पाणी तपासायचं. आदल्या दिवशी वापरलेले कापडी पाइप रस्त्याकडेला वाळत घालायचे. त्यावरून हमखास कुणाची तरी म्हैस चालत जाते आणि मग जोतीरामचा आवाज माझ्या माजघरापर्यंत येतो.

आगी रोज लागत नाहीत. तरी कामाला तोटा नाही. कुणाच्या न्हाणीघरात नाग निघतो, कुणाचं वासरू विहिरीत पडतं, वळणावर ट्रकमधून डिझेल सांडतं आणि मोटरसायकली घसरायला लागतात. उसाचा हंगाम आला की फड पेटल्याचे फोन सुरू होतात. उरलेल्या वेळात जोतीराम बचत गटाच्या बायकांना ओलं पोतं टाकून पेटलेला सिलिंडर कसा विझवायचा ते दाखवतो. बायका आधी लांब पळतात, मग पदर खोचून पुढे होतात.

त्याची खरी लढाई मात्र आगीशी नव्हती. ती पाण्याशी होती. गाडी म्हणजे गावाचा मोठा हंडा, अशी सगळ्यांची समजूत. लग्नाच्या मांडवापुढची धूळ बसवायची, देवळाच्या पायऱ्या धुवायच्या, पुढारी येणार म्हणून हेलिपॅड भिजवायचं, सगळ्यासाठी लोक त्याच्याकडे यायचे. जोतीरामचं उत्तर ठरलेलं. "ही पाण्याची गाडी न्हाई. आगीची हाय. टँकरवाल्याचा नंबर देतो, लावा फोन." त्याने आप्पासोच्या मुलीच्या लग्नालासुद्धा पाणी दिलं नव्हतं. नवरीचा बाप याच गाडीचा ड्रायव्हर असून नवरदेवाची वरात धुळीतून आली.

असा हा माणूस चैत्रातल्या यात्रेला पाघळला.

आमच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान मोठं असतं. सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी कोइमतूर, कोलकात्याला गेलेली घरं त्या आठवड्यात गावी येतात, इनामं लावतात. आखाड्याची तांबडी माती आधी भिजवून, खणून, लिंबू, हळद, ताक घालून मऊ करायची असते. जोतीरामचे वडील आयुष्यभर ती माती करायचे. तोही तालमीत वाढलेला, कान मोडलेला पैलवान.

यात्रेच्या सकाळी कमिटीचा अध्यक्ष राजवर्धन धावत शेडवर आला. मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते, सगळं ऐकू येत होतं.

"जोतीरामदादा, टँकर बंद पडलाय. माती दगडासारखी झालीया. पैलवानांच्या पाठीची सालं निघतील."

"दुसरा बघ."

"समदे टँकर बागांवर गेल्यात. तुमी येऊन माती तरी बघा की."

ती माती बघायला जाणं हीच चूक झाली, असं जोतीराम नंतर म्हणाला. त्याने वाकून मूठभर ढेकळं उचलली, चुरडायचा प्रयत्न केला. ती चुरडेनात. त्याने ती परत खाली टाकली. मग म्हणाला, "अर्धी टाकी. वर एक थेंब न्हाई."

आप्पासो गाडी मागे घेता घेता म्हणाला, "माझ्या पोरीला बादलीभर दिलं न्हाई तुमी, साहेब."

"तुझी पोरगी कुस्ती धरणार हुती काय?"

सगळे हसले. पाणी सुटलं, माती काळसर झाली, तिचा वास सुटला. गाडी भरायला कालव्याकडे निघणार, तोच फोन वाजला. दूधवाल्याचा होता. माळावरच्या वस्तीवर बयाबाईच्या कडब्याच्या गंजीने पेट घेतला होता.

बयाबाई माझ्याकडे तूप घालते म्हणून मी तिला चांगली ओळखते. धनगराचं घर. एरवी मेंढरं दिवसभर माळावर चरायला असतात. पण यात्रेच्या दिवशी घरातले सगळे देवाला येतात, म्हणून त्या एका दिवशी कळप वाड्यात कोंडून ठेवतात. काटेरी कुंपण, वर थोडं छप्पर, एकच दार. गुडघे धरलेत म्हणून बयाबाई एकटीच राखणीला मागे राहिली होती. त्या घराचं जे काही होतं ते त्या वाड्यात होतं, आणि वाडा दोन गंजींच्या मधोमध.

यापुढचं मला जोतीरामने आणि बयाबाईने वेगवेगळं सांगितलं. आग कशाने लागली यावर दोघांचं आजही जमत नाही. जोतीराम म्हणतो, म्हातारीने नैवेद्याच्या चुलीतली राख तशीच बाहेर टाकली. बयाबाई म्हणते, गावातून फटाका उडून आला. इतक्या लांब फटाका कसा येईल, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बाई, वारं लय हुतं."

वारं होतं हे मात्र खरं. कालव्याकडे वळसा घेऊन टाकी भरायला गेलो तर वाडा जातो, अर्ध्या टाकीवर गेलो तर पाणी पुरेल याची खात्री नाही. जोतीरामने गाडी सरळ माळाकडे घ्यायला सांगितली. जाताना त्याने खिडकीतून राजवर्धनला हाक मारली, "पैलवान घेऊन ये! हायती तेवढं!"

वस्तीवर पोचल्यावर त्याने पेटलेल्या गंजीवर पाणी मारलंच नाही. ती गेली, हे त्याने बघताच ओळखलं. त्याने पाइप वळवला तो वाड्याच्या छपरावर आणि दुसऱ्या गंजीवर. बयाबाई काठी उगारून त्याच्या अंगावर गेली.

"आरं आंधळ्या! जाळ तिकडं न् पाणी कुठं मारतुयास?"

"मावशी, दार उघडा आधी! मेंढरं काढा!"

दार उघडं होतं. मेंढरं निघत नव्हती. घाबरली की मेंढरं एकमेकांत डोकं घालून कोपऱ्यात दाटतात, ओढली तरी हलत नाहीत. ती ऐकतात फक्त ओळखीच्या हाकेला, आणि ती हाक देणारी बयाबाई ठिणग्यांतून दारापर्यंत लंगडत पोचणार कधी? पाण्याचा जोर कमी व्हायला लागला होता. पाइप जोतीरामच्या हातात मऊ पडत चालला होता. "त्या टायमाला बाई," तो मला म्हणाला, "मला ती आखाड्याची वली माती डोळ्यापुढं दिसाया लागली."

तेवढ्यात टेंपो आला. त्यातून लंगोटावर टॉवेल गुंडाळलेले पैलवान उतरले. सगळ्यात पुढे उदयसिंह, शेवटच्या मोठ्या कुस्तीचा पैलवान, सांगलीहून आलेला. जोतीराम ओरडला, "म्हातारीला उचल!"

उदयसिंहने बयाबाईला उचलून खांद्यावर घेतलं.

"सोड मला, मुडद्या! मी काय पोतं हाय?"

"आजे, शिव्या मागनं द्या. आधी हाक मारा."

तो तिला घेऊन वाड्याच्या दारात जाऊन उभा राहिला. जोतीरामने टाकीतलं उरलंसुरलं पाणी त्या दोघांवर आणि छपरावर धरलं. बयाबाईने खांद्यावरूनच हाक दिली. कशी, ते तिने मला करून दाखवलं. जिभेने टाळूवर काढलेला आवाज आणि मागून लांबवलेली आरोळी. कोपऱ्यातली एक म्हातारी मेंढी वळली, तिच्यामागे दुसरी, आणि मग सगळा लोंढा उदयसिंहच्या पायांवरून बाहेर पडला. तो हलला नाही. मैदानात त्याला कुणी पाडलं असेल नसेल, मेंढरांनी मात्र पाडलं नाही.

टाकी तिथेच संपली. पण बाकीच्या पैलवानांनी दुसऱ्या गंजीच्या वाऱ्याकडच्या पेंढ्या उपसून लांब फेकल्या, आगीला तिकडे जायला वाटच ठेवली नाही. ज्या माणसांचं अंग तांबड्या मातीने माखायला हवं होतं, ती काजळीने काळी झाली होती. पहिली गंज जळून बसली. वाडा राहिला.

मेंढरं ओढ्याकडे पांगली होती. यात्रेला गेलेली मुलं-सुना धापा टाकत परतली आणि ती गोळा करायला लागली. बयाबाई बांधावर बसून एकेका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून मोजत होती. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून. जोतीराम तिच्याजवळ उभा. तोही तिच्याबरोबर ओठांत पुटपुटत मोजत होता, असं आप्पासोने मला सांगितलं, आणि हे जोतीराम कबूल करत नाही.

शेवटी बयाबाईने मान वर केली. "हायती समदी."

जोतीराम तिच्याशेजारी बांधावर बसला. म्हणाला, "मावशी, पाणी आखाड्याला दिलं हुतं मी. भरलेली टाकी आणली आसती तर तुमची कडब्याची पैली गंज बी..."

बयाबाईने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. समोरच्या वाचलेल्या गंजीकडे बोट केलं. तिच्यातून अजून पाणी निथळत होतं.

"गेलेली गेली. ही वली करून ठेवलीस, त्याचं काय? बुरशी लागंल हिला. आता ह्या पेंढ्या उन्हात कोण पसरणार, तुझी नगरपंचायत?"

आप्पासोला आधी हसू फुटलं, मग पैलवानांना. जोतीराम डोक्याला हात लावून हसत राहिला. मग उठला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पहिली पेंढी उचलून तिने दाखवलेल्या जागी उन्हात टाकली.