बसचं कारण

आमच्या वाशीमच्या चर्चला नवे पाळक आले, तेव्हा रविवारच्या उपासनेला जेमतेम वीस माणसं उरली होती. तरुण पोरं नोकरीसाठी पुण्याकडे गेली, म्हातारी एकेक करून संपली आणि बाकीच्यांचं काय झालं, हे कोणी विचारलंच नाही. पाळकांनी जुनी हजेरीवही मागून घेतली. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती माझ्याकडेच होती. पेटी मी वाजवायची, गाणीही मीच बसवायची.

एका पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "मालेगाव रोडच्या खेड्यातलं हे घर. सहाही माणसं एकाच आठवड्यापासून बंद. काय झालं, बाई?"

काय झालं ते मला पक्कं माहीत होतं. त्या घरातली सासू आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. अक्षरओळख नाही, पण गाणी सगळी पाठ. ती मोकळ्या गळ्यानं गायची आणि सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे राहायची. एका नाताळाला नागपूरहून पाहुणे येणार होते. मी तिला दारातच अडवलं आणि म्हणाले, "मावशी, आज तुम्ही नुसतं ऐका. गाणं आम्ही म्हणू." सून आणि नातवंडं शेजारीच उभी होती. "बरं, बाई," एवढंच म्हणून ती आत जाऊन बसली. पुढच्या रविवारी त्यांच्यातलं कोणी आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंच वाटलं होतं. गाणं कसं एका सुरात झालं!

पाळकांना मी म्हणाले, "बसची वेळ बदलली ना. जमत नसेल त्यांना."

त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मंडळीतल्या एकाची जीप मागून त्यांनी ती रविवारी सकाळी त्या खेड्याच्या फाट्यावर धाडायला सुरुवात केली. जीप रिकामी परत आली. पुढच्या रविवारीही रिकामीच. ती आवारात वळताना दिसली की पेटीवरची माझी बोटं चुकायची.

दर शनिवारी आम्ही खेड्यांत जाऊ लागलो होतो. मंडळीतली एक नर्स बीपी तपासायची, मी पोरांची गणितं घ्यायची, पाळक घरोघर बसून विचारपूस करायचे. असं करता करता एका शनिवारी आम्ही त्या घरी पोचलो. मावशी अंगणात तूर निवडत बसली होती. पाळकांनी सरळच विचारलं, "मावशी, गाडी पाठवतो तरी येत नाही. आमचं काही चुकलं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती त्यांना म्हणाली, "गुडघ्यानं हैरान केलं, साहेब. गाडीत चढनं होत नाही."

आणि लगेच उठून, चांगली तरातरा चालत, चहा ठेवायला आत गेली.

तिनं मला सांभाळून घेतलं होतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मंगळवारी मी एकटीच बसनं गेले. बस पूर्वीच्याच वेळेला सुटली.

"मावशी, त्या दिवशी मी तुमचा अपमान केला," मी म्हणाले. "वर पाळकांशी खोटं बोलले."

"मले समजलं होतं," ती म्हणाली. "पाहुन्यांसमोर माह्या आवाजाची तुमाले लाज वाटली. पोराबाळाईसमोर बोलल्या, ते लागलं."

"माफ करा मला."

"माफ त कवाच केलं, बाई. पन आता गानं सुरू झालं का माहं तोंडच उघडत नाही. त्याले मी काय करू?"

परत आल्यावर मी पाळकांना सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, "बुधवारची प्रार्थना तिच्या अंगणात घेऊ. आधी तिला विचारा. आणि हे विचारायला तुम्हीच जा."

ती हो म्हणाली. आता बुधवारी तिथं शेजारपाजारचे धरून पंधरा-वीस जण जमतात. सून आणि नातवंडं रविवारीही जीपनं येतात. चर्च पुन्हा भरू लागलं आणि अंगणातली प्रार्थना माझीच कल्पना असं समजून लोक त्याचं श्रेय मला देतात. मी मान खाली घालते. सगळ्यांसमोर खरं सांगायचं मला अजून जमलेलं नाही.

बुधवारी मी पहिली ओळ सुरू केली की मावशी पदर सावरते आणि चहाचं निमित्त करून घरात जाते.