सारवलेला माळ

नाशिकला द्वारकेच्या चौकात एसटीची वाट पाहत उभी होते. शेवंतीच्या टोपल्या रिक्षातून उतरवता उतरवता अण्णा म्हणाले, "एवढं शिकून शेवटी मातीच उकरायची ना? ती तर आम्ही रोज फुकट उकरतो."

"मला उकरायचा पगार मिळतो, अण्णा."

"मग आमच्या मळ्यात ये. पगार नाही, जेवण देतो."

टोपलीतलं एक फूल त्यांनी माझ्या हातात दिलं. बसमध्ये ते दप्तरात ठेवताना लक्षात आलं, की आपल्या लेकीला नोकरी लागली हे या माणसाला अख्ख्या चौकाला ऐकवायचं होतं. आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर. हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. द्वारकेला तेव्हा डोक्यावर पूल नव्हता, नुसतं आभाळ आणि ट्रकचे हॉर्न. पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा होत्या. सोग्रस फाट्याला गाडी वळली, भावडबारीचा घाट लागला आणि हिरवा रंग मागे पडत गेला. सटाण्याच्या पुढे तर जमीन उन्हात वाळत घातलेल्या घोंगडीसारखी दिसायला लागली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पहिल्यांदाच चालली का इकडं? पाणी पिऊन घे बाई. पुढं मागशील तं लोक देतील, पण आधी हंड्याकडं बघतील."

नामपूरला मुक्काम केला. तिथून जीपने एका लहान गावाच्या माळावर गेलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. बरोबर मृद सर्वेक्षण खात्यातले माझे वरिष्ठ बोरसेसाहेब होते. बोलणं कमी, तंबाखू जास्त. काम असं, की गावाच्या चराऊ माळाची माती कोणत्या वर्गातली ते ठरवायचं. ती लागवडीलायक ठरली तर माळ नांगरून वाटून घ्यायचा, असं गावात चाललं होतं. डाळिंबाचे दिवस होते, ज्याला त्याला बाग हवी होती. माळावर मेंढ्या चारणारी सखूबाई मात्र आमच्या जीपकडे चुकीच्या दारी आलेल्या वरातीकडे पाहावं तशी पाहत होती.

"काय करस वं माय?" (काय करतेस गं बाई?) तिने मला विचारलं.

"माती तपासते, आजी."

"मंग मन्या मेंढ्या काय खातीन, ते बी तपास." (मग माझ्या मेंढ्या काय खातील, तेही तपास.)

त्या दिवशी आम्ही फक्त चालून पाहिलं. उतार कुठे, दगड किती, गवत कोणतं. मारवेल होतं, कुसळी तर एवढी की माझी सलवार गुडघ्यापर्यंत साळिंदरासारखी झाली. सखूबाईने बसवून एकेक कुसळ काढलं. मग कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा दिला. एका घासात डोळ्यांतून पाणी. "रडू नको," ती म्हणाली, "हाई तं पोरासोरांना ठेचा शे." (हा तर पोरासोरांचा ठेचा आहे.)

जिथे खड्डा घ्यायचा, तिथे चुन्याच्या फक्कीने चौकट आखून आम्ही नामपूरला परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटीपाशी निम्मं गाव जमलेलं. पुढे गावचे पुढारी नानाभाऊ, धुतलेली टोपी घालून. मजुरांनी खोदायला घेतलं आणि वरून निघाली काळीभोर, लोण्यासारखी माती. मी तर हरखलेच. असल्या मातीत मी वाढले आहे. पण वीतभर खाली ती सुरीने कापावी तशी संपली. तिच्याखाली गवत होतं, आडवं झोपलेलं, अजून पिवळंधमक. काळ्या मातीत पाण्यातल्या गोगलगायींचे शंख. उघड्या माळावर, जिथे पाऊससुद्धा पाहुण्यासारखा येतो, तिथे गोगलगायी?

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी तंबाखू थुंकली. "तुमचा खड्डा आहे. तुम्हीच सांगा."

"नानाभाऊ," मी म्हटलं, "हा तळ्यातला गाळ आहे."

कुणी खोकलं, कुणी हसलं. नानाभाऊ मात्र जराही ओशाळले नाहीत. "हाय मग. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर सारवतो का नाय? पोरगी बघायला आले तर तिला पावडर लावतो का नाय? रातच्याला बैलगाड्या जुंपल्या न् सारवला माळ."

मागून सखूबाई कडाडली, "नाना, इतला गाळ तुन्या वावरमा टाकता तर कांदा तरी पोसाता!" (तुझ्या शेतात टाकला असतास तर कांदा तरी पोसला असता.)

हशा झाला. पण नानाभाऊ माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही बी शेतकऱ्याच्याच. लिहून टाका ना लागवडीलायक. पोरं बाग लावतील. तुमचं काय जातं?"

खरं सांगते, ते बोलणं मला लागलं. त्यांच्या पोरांना जमीन हवी होती, यात खोटं काय होतं? पण समोर सखूबाई काठी टेकून उभी होती, आणि तिच्या मेंढ्या माळभर पसरल्या होत्या.

थोडं लांब जाऊन मी दुसरा खड्डा घ्यायला सांगितला. तांबूस-करडी, खडेमिश्रित माती; हाताच्या कोपरापर्यंतसुद्धा खोल नाही. खाली मुरूम, मुरुमात चुन्याच्या पांढऱ्या गाठी. त्यावर आम्लाचे थेंब टाकले तशी माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. पोरं पुढे सरसावली. मी ओंजळीत माती घेऊन पाण्याने मळली, वळी करायला गेले. कसदार मातीची लांब वळते, ही तुटून पडली.

"जमिनीचे आठ वर्ग असतात," मी सांगितलं. "पहिल्या चारांत नांगर चालतो. ही सहाव्यातली. हिला हे गवतच धरून आहे. नांगरलंत तर वळवाच्या दोन सरींत ही नदीला मिळेल, मग ना बाग ना चारा."

"म्हणजे नापास," नानाभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

हे मात्र मला सोसेना. जन्मभर काळ्या मातीतली माणसं माळाला नावं ठेवताना मी ऐकली होती. "नाना, दारची गाय तुम्ही नांगराला जुंपता का?"

"गायीला कोण जुंपतं?"

"मग ती बैलापेक्षा कमी झाली का?"

नानाभाऊंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. सखूबाई म्हणाली, "गाय शे आमनी माटी. मंग तिले दावणीलेच राहू द्या."

अहवालात आम्ही तेच लिहिलं, तिच्याइतकं नेमकं नाही. गावात वर्षभर कुरबुर झाली म्हणे, पण माळावर नांगर आला नाही.

पुढे दोन हजार सालानंतर त्या बाजूला पुन्हा जाणं झालं, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी केली. सखूबाई नव्हती. तिची सून मेंढ्या वळत होती. सगळा माळ पिवळा, आणि मधोमध एक हिरवा चौकोन, गवत कमरेएवढं. नानाभाऊ काठी टेकत आले. चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, आमची पावडर अजून उतरली नाय!"

किती दिवसांनी मी इतकी हसले.

संध्याकाळी नाशिकला परतले. आमच्या मळ्याच्या जागी आता इमारती आहेत. त्यातल्याच एकीच्या गच्चीवर अण्णा कुंडीतल्या शेवंतीला पाणी घालत होते. माळाची गोष्ट सांगितली, ते ऐकत राहिले. मग कुंडीतली माती चिमटीत घेऊन विचारलं, "ही आपल्याच मळ्यातली. पाया खोदताना भरून ठेवली होती. ही कितव्या वर्गातली गं?"

मी मळून पाहिली. वळी लांबच लांब आली, कुठे तुटली नाही.

"पहिल्या, अण्णा."

त्यांनी खाली पार्किंगकडे पाहिलं. "हिला बघायला कुणी आलंच नाही," ते म्हणाले, आणि झारी पुन्हा भरायला गेले.