कमरेच्या दोराचं स्थळ

जगात कशावरही विश्वास न ठेवता माणूस सुखानं जगू शकतो, हे आमच्या थोरल्या साडूंकडे बघून पटतं. फौजेतून निवृत्त झाल्यावर बाकीच्यांनी ऊस लावला, साडूंनी झाडं धरली. मलकापूर-कऱ्हाडात कुणाच्या कौलावर फांदी वाकली, विजेच्या तारेला नारळ भिडला, की तोडायला बोलावणं साडूंना. चढणं माकडासारखं, पण स्वभाव म्हाताऱ्या सासूचा. आमच्या लग्नात जेवायला बसताना त्यांनी खुर्ची तीनदा हलवून बघितली होती आणि मग उभ्यानंच जेवले होते. झोपाळ्यावर बसायच्या आधी ते कड्यांना लोंबकळून बघतात. झोपाळा ज्याचा असतो त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

त्यांचा सगळ्यात मोठा संशय अॅडजस्टरवर. झाडावर चढणारा माणूस खोडाभोवती कमरेचा दोर टाकतो. तो दोर हवा तसा आवळणारी-सोडणारी, मुठीत मावणारी धातूची वस्तू म्हणजे अॅडजस्टर. तो निवडायला साडू सांगलीला इतक्या खेपा घालायचे, की अक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, वैतागायच्या. "आवं, लेकीला स्थळ बघताना एवढा घोळ घातला न्हाईसा!"

"जावय वंगाळ निघाला तर लेक माघारी यील," साडू शांतपणे म्हणायचे. "ह्यो वंगाळ निघाला तर मी यायचा न्हाई."

यावर अक्का भांडी जोरात आपटायच्या.

कुठल्याही झाडावर चढण्याआधी साडू गुडघाभर उंचीवर दोर अडकवतात, खोडाला पाय लावतात आणि अंग मागं झोकून देतात. पोरंटोरं जमतात, बायका पदर तोंडाला लावून हसतात. साडूंना त्याचं काही नाही. यंदा दसऱ्याला मी कडेगावहून त्यांच्याकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बंगल्यावर झुकलेला सिल्व्हर ओक उतरवायचा होता. साडूंनी नेहमीसारखं अंग झोकलं आणि दोर सर्रकन सुटून ते थेट चिखलात बसले. सगळ्यात मोठ्यानं हसलो तो मी.

साडू मात्र अॅडजस्टर नाकाशी नेऊन हुंगत होते. "शेंगतेल," ते म्हणाले.

खंडेनवमीला अक्कांनी विळे-कोयत्यांबरोबर अॅडजस्टरचीही पूजा केली होती. नुसतं हळदकुंकू लावून समाधान होईना, म्हणून गंजू नये यासाठी त्याला आतबाहेर मायेनं तेल चोळलं होतं. तेच तेल दोराला लागलं होतं. अक्का मटकन पायरीवर बसल्या. "माज्याच हातनं वो..." एवढंच म्हणाल्या आणि त्यांचे ओठ थरथरायला लागले. माझं हसणं थांबलं.

"अगं, गुडघाभरावरनंच पडलो की," साडू पाठीचा चिखल पुसत म्हणाले. "रोज लटाकतो ते कशासाटी?" पण त्या दिवशी झाडाला हात लावला नाही.

आठवड्यानं नवा दोर आणि नवा अॅडजस्टर घ्यायला आम्ही सांगलीला गेलो. या खेपेला अक्का हट्टानं आल्या. साडूंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी दुकानदाराला धारेवर धरलं. "ह्यो दोराच्या जाडीला नीट बसतोय का? फांदीला घासून आपोआप तर उघडणार न्हाई? अंगाचा भार आसताना एका हातानं हळूहळू सुटतोय का, का एकदम सोडतोय?" मग पदर खोचून, दोर खांबाला अडकवून त्या स्वतः मागं रेलल्या.

दुकानदार गडबडला. "काकी, तुम्ही पण चढताय व्हय झाडावर?"

"ह्ये चढत्यात," अक्का म्हणाल्या. "मी खाली हुबी ऱ्हाती. मग मला नगं व्हय बघाय?"

साडूंनी त्या दिवशी कुठलीच वस्तू पुन्हा तपासली नाही. अक्कांनी पसंत केलेला अॅडजस्टर मुकाट पिशवीत टाकला. परतीच्या एसटीत अक्कांना डुलकी लागली. खड्ड्याखड्ड्याला त्यांचं डोकं खिडकीवर आपटत होतं, म्हणून साडूंनी मधे आपला तळहात घातला आणि तो कऱ्हाड येईपर्यंत काढला नाही. मागच्या बाकावर बसून मी ते बघत होतो.