बाबांचा हवामानाचा प्रश्न

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे, जर्मनीत, वॉर्डातल्या एका आजींचं ब्लडप्रेशर मोजत होते. धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, बाबा गेले. लई तपून राहिलं इकडे, ठेवता नाही येत..." मे महिना, त्यात आमचा गोंदिया जिल्हा. मी त्याच मिनिटाला निघाले असते तरी घरी पोचायला दोन दिवस लागले असते, आणि ऊन तेवढं थांबणार नव्हतं. मोजलेला आकडा मी विसरले, आजींना सॉरी म्हणून पुन्हा पट्टा गुंडाळला. ड्युटी संपायला चार तास होते. मी ते पूर्ण केले, याचा अजून राग येतो.

बाबा बोदलकशाच्या तलावावर मासे धरायचे. नर्सिंग झाल्यावर मी गोंदियाला जर्मनचा क्लास लावला, पण तोंडी परीक्षेचा सराव घरी करणार कुणाशी? मग एका पुठ्ठ्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत एक प्रश्न लिहून बाबांनाच परीक्षक केलं. 'वेल्शेस वेटर माग्स्ट डू?' तुला कुठलं हवामान आवडतं? बाबा फाटलं जाळं शिवता शिवता पुठ्ठा गुडघ्याला टेकवायचे आणि फौजदाराच्या आवाजात विचारायचे. उत्तर दिलं की समोरच्याला 'उंड डू?', म्हणजे 'आणि तुला?', असं विचारायचं, हे क्लासमध्ये घोटून घेतलेलं. पण बाबांना जर्मन उत्तर शिकवत कोण बसणार... मी म्हटलं, "बाबा, तू फक्त विचार."

क्लासमधल्या सगळ्या मुली 'ऊन आवडतं' म्हणायच्या, कारण वाक्य सोपं. मीही तेच ठोकून दिलं. बाबांनी अर्थ विचारला आणि हातातली सुई थांबली.

"खोटं काऊन बोलून राहिली? तुले तं उन्हात डोकं दुखते."

"बाबा, परीक्षा आहे ती, कोर्ट नाही."

"मंग काय झालं? खरं सांग, नाही तं नापास."

आणि खरंच रोज नापास करायचे! शेवटी मी धुक्याचा शब्द शोधला, नेबेल. लहानपणी हिवाळ्यात मी तलावाच्या पाळीवर उभी राहायचे आणि धुक्यातून आधी बाबांचा खोकला यायचा, मग त्यांची होडी, डोंगा. ते हवामान मला आवडायचं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. धुक्याबद्दल मी इतकी बोलले की परीक्षक बाईंनाच मला थांबवावं लागलं.

इथे आल्यावर दर रविवारी फोन उचलला की 'जेवली का'च्या आधी बाबांचा प्रश्न यायचा. मी कधी बर्फ सांगायचे, कधी ढग. एक अक्षर न कळता ते म्हणायचे, "पास."

तेरावं झाल्यावर एकदा मी फोनवर आईला विचारलं, "बाबांना कुठलं हवामान आवडायचं गं?"

आई म्हणाली, "कोनं इचारलं बाई त्याहीले? जसा दिस निंगे, तसे पान्यावर जात."

मी भावाला पुठ्ठ्याचा फोटो पाठवायला सांगितलं. जाळ्याशेजारी एका खिळ्याला तो अजून लटकतो आहे. बाबांच्या अंगठ्याने एक कोपरा काळा पडलाय. वर माझ्या अक्षरात तो एकच प्रश्न, आणि खाली 'उंड डू?' लिहायला अर्धा पुठ्ठा कोरा.